पहिली-दुसरीची पोरं, एक खड्डा आणि नऊ महिने

५ जून २०२४. सकाळी सव्वासातला केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, ग्रुपवर मेसेज आला : 'आज जागतिक पर्यावरण दिन. सर्व शाळांनी वृक्षारोपणाचे फोटो दुपारी बारापर्यंत पाठवावेत.' शाळा उघडणार होती १५ जूनला. मी माहेरी, आईच्या गच्चीवर कुरडया वाळत घालत होते. दरवर्षी हेच होतं. पर्यावरण दिन येतो तेव्हा आमच्याकडे पोरंही नसतात आणि पाऊसही नसतो. मी मोबाइलमधला आदल्या वर्षीचा एक फोटो शोधला आणि दिला पाठवून. त्या फोटोतलं रोप कधीच वाळून गेलं होतं.

हे लिहायला लाज वाटते, पण सुरुवात तिथूनच झाली. त्या रात्री ठरवलं, यंदा फोटोसाठी काही करायचं नाही. खरंच काहीतरी करून बघायचं.

मी सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात, एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, पट २६, आम्ही दोन शिक्षक. पहिली-दुसरीची ११ पोरं माझ्याकडे. परिसर अभ्यासाचं वेगळं पुस्तक तिसरीपासून येतं, त्यामुळे मला पुस्तक नव्हतं आणि परीक्षाही नव्हती. तेच बरं झालं. आता मैत्रिणी विचारतात की काय काय केलंस, पैसे कुठून आणलेस, ग्रामपंचायतीत काय झालं. सगळ्यांना फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

शाळा उघडल्यावरचा पहिला आठवडा प्रवेशोत्सव, पुस्तकवाटप आणि आधारची नावं जुळवण्यात गेला. २४ जूनला मी पहिला 'पर्यावरणाचा तास' घेतला आणि तो साफ फसला. मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. समुद्रात तरंगणारं प्लास्टिक, नाकात नळी अडकलेलं कासव, शेवटी पेटलेली पृथ्वी. पोरं चिडीचूप. मला वाटलं, पोचलं. दुसऱ्या दिवशी पहिलीतल्या एका पोराची आई त्याला कडेवर घेऊनच आली. "काय दावलं ओ बाई ह्याला? रातभर झोपला न्हाई. आपलं घर पेटणार म्हणून रडतंय." त्या पोरानं समुद्र कधी बघितलेला नाही. त्याला कळलं एवढंच, की काहीतरी पेटणार आहे आणि ते आपल्याला विझवता येणार नाही. मी त्याच्या आईची माफी मागितली. त्या दिवसापासून स्वतःला एक नियम घालून घेतला : पोरांना चालत जाऊन बघता येत नाही, ते पहिली-दुसरीत सांगायचं नाही.

मग १ जुलैला आम्ही फक्त खड्डे काढले. शाळेच्या मागच्या कडुनिंबाखाली पाच खड्डे, प्रत्येक वीतभर खोल. एकात केळ्याची साल, एकात वहीचं पान, एकात माझ्या जुन्या सुती ओढणीचा तुकडा, एकात भाकरी आणि एकात पाच रुपयांचं चिप्सचं रिकामं पाकीट. प्रत्येकावर काठी रोवली आणि काठीला चित्राची चिठ्ठी बांधली, कारण पहिलीच्या पोरांना अजून वाचता येत नव्हतं. भाकरीचा खड्डा दुसऱ्याच दिवशी कुत्र्यानं उकरला. एका पोरानं निकाल दिला, "भाकरी कुत्र्यात गेली." मी वहीत तसंच लिहून घेतलं. चार खड्डे उरले. (चिठ्ठ्या पहिल्याच सरीत विरघळल्या. तुम्ही करणार असाल तर काठ्यांना वेगवेगळ्या रंगाच्या चिंध्या बांधा.)

जुलैत 'एक पेड माँ के नाम' या झाडं लावायच्या सरकारी मोहिमेची लिंक आली. आम्ही शेवग्याच्या तीन फांद्या रोवल्या. रोपापेक्षा फांदी बरी, ती फुकट मिळते आणि पटकन धरते. पोरं हात धुतात तिथलं पाणी चर काढून त्या शेवग्याकडे वळवलं. त्याच निमित्तानं नळाखाली बादली ठेवून मोजलं. नळ सोडून २६ पोरांनी हात धुतले की १५ लिटरच्या तीन बादल्या भरत. चौथीच्या पोरांनी तांब्यानं पाणी घालायचं ठरवलं आणि दीड बादलीत भागायला लागलं. आमच्याकडे पाण्याबद्दल शिकवावं लागत नाही. टँकरमागे पळालेली घरं आहेत ही. २०१६ साली कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं वॉटर कप, म्हणजे गावागावांतली पाणी अडवायच्या कामांची स्पर्धा, जिंकली, त्यानंतर इकडच्या गावोगावी श्रमदानाचं वारं होतं. आमच्या पोरांच्या आया तेव्हा पहाटे टिकाव-पाट्या घेऊन बांधावर गेलेल्या. पोरांना हे मी सांगितलं नाही, त्यांनीच मला सांगितलं.

खताचा खड्डा ८ जुलैला सुरू केला. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट खोल. खणायला दोन पालक आले. खाली वाळकी काटकी, वर कडुनिंबाचा पाला, वर शेणकाला, त्यावर पोषण आहाराच्या भाजीची देठं-सालं. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग मी पोरांच्या ताटातली उरलेली खिचडीही त्यात टाकायला लागले. नियमाप्रमाणे प्राथमिकच्या पोराला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ धरलेली असते. पहिलीच्या पोराला तेवढं संपत नाही. रोज पाटीभर उरायचं. २२ जुलैला पोरं नाक धरून वर्गात आली. खड्ड्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या आणि वास शेजारच्या घरापर्यंत गेला होता. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "बाई, शाळा हाय का उकिरडा?" रात्री मलाही वाटलं, बुजवून टाकावं सगळं.

एका पालकानं, जो स्वतः गांडूळखत करतो, येऊन बघितलं आणि हसला. शिजलेलं, तेलामिठाचं खड्ड्यात नको. ओला एक भाग असेल तर वाळका पाला दोन भाग टाका. आणि मूठभर खत हातात दाबून बघायचं : पिळलेल्या फडक्याइतकी ओल हवी, पाणी गळलं तर पाला वाढवा, भुगा झाला तर पाणी शिंपडा. ही 'मुठीची तपासणी' पोरांना इतकी आवडली की रोज दोघांचा नंबर लावावा लागला. आठवड्याभरात वास गेला. अळ्या कुणाला काही करत नव्हत्या, त्यांचं तेच काम असतं हे पोरांनी माझ्याआधी मान्य केलं. आणि खिचडीचं काय? स्वयंपाकी मावशींनी आधी अर्धाच डाव वाढायला सुरुवात केली, पाहिजे त्यानं पुन्हा मागायचं. उरलंसुरलं मावशींच्या म्हशीला. खरं तर हे जूनमध्येच करायला हवं होतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही कागद-पाकिटं गोळा केली. शाळेच्या आवारात आणि समोरच्या रस्त्यावर, फक्त सहा दिवसांची. २१२ निघाली. पोरांनी दहा-दहाचे ढीग लावले, गणिताचा तासही झाला. मग दुसरीतल्या एका पोरीनं विचारलं, "बाई, आता ह्ये कुठं टाकायचं?" मी म्हणाले, ग्रामपंचायतीच्या कुंडीत. "आन मग फुडं कुठं जातं?"

मला माहीत नव्हतं. म्हणजे अंदाज होता, पण बघितलेलं नव्हतं. ६ ऑगस्टला आम्ही पोरांना घेऊन कुंडीच्या मागे मागे निघालो. कुंडी भरली की ट्रॉलीत, ट्रॉली स्मशानभूमीच्या पुढं, आणि तिथून सगळं ओढ्यात. त्याच ओढ्यावर खाली आमचा बंधारा आहे, ज्यासाठी यांच्या आयांनी श्रमदान केलेलं. पोरं काही बोलली नाहीत. एकानं फक्त ओढ्यातलं एक पाकीट काठीनं ओढून घेतलं आणि म्हणाला, "ह्ये माझं असंल." कचरा वेचणाऱ्या घंटागाडीची चौकशी केली तर कळलं, गाडी आहे, पण चालकाचा पगार कुणी द्यायचा हे न ठरल्यानं ती शेडमध्ये उभी आहे.

१५ ऑगस्टच्या ग्रामसभेत झेंडावंदनानंतर आम्ही तो विषय काढला. सरपंच ताईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "लेखी द्या बाई." २० ऑगस्टला दिलं. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव, माझा अर्ज, आणि पोरांनी काढलेली ओढ्याची चित्रं असं जोडून. मागणी साधी होती : सुक्या कचऱ्यासाठी जाळीचा एक पिंजरा आणि ओढ्यात टाकणं बंद. एक सांगते, अर्ज नेहमी दोन प्रतींत न्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घेतल्याशिवाय उठू नका. मला शिपाई म्हणाला, "पोच कशाला पायजे, आपलंच गाव हाय." मी बाकावर बसून राहिले. वीस मिनिटांनी शिक्का मिळाला. डिसेंबरात तोच कामाला आला.

सप्टेंबरच्या मासिक सभेत ठराव झाला, पण भाऊसाहेब, म्हणजे ग्रामसेवक, म्हणाले की हे आराखड्यात नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला साठ टक्के बंधित होता, पाणी आणि स्वच्छतेसाठीच. म्हणजे पैसा होता, कामही त्यात बसत होतं, फक्त वार्षिक आराखड्यात ती ओळ नव्हती. पुरवणी आराखडा करू म्हणाले. मग १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि सगळं जिथल्या तिथं थांबलं. मलाही इलेक्शन ड्यूटी आली. माझं सांगणं एवढंच की ग्रामपंचायतीत काही मागायचं असेल तर जुलैतच मागा आणि निवडणुकीचं वर्ष असेल तर त्याही आधी.

मधल्या काळात घराघरांत एक वेगळंच प्रकरण झालं. मी पोरांना सांगितलं होतं की प्लास्टिक जाळलं की धूर वाईट असतो. पोरं घरी जाऊन आयांना बोलायला लागली. आमच्याकडे सकाळी चूल पेटवताना कॅरीबॅगचा तुकडा खाली घालतात, पटकन पेट घेते. एक आई शाळेत आली ती रागानंच. "रॉकेल बंद झालं, गॅस आठशेच्या वर. चूल पेटवू कशानं? तुमी याल का पेटवायला?" मला उत्तर सुचलं नाही. खरंच, पोरांना घरातल्यांवर पहारा करायला लावणं ही माझी चूक होती. पुढच्या शनिवारी मी तिच्याच चुलीपाशी जाऊन बसले. तिनं दाखवलं, दाणे काढलेली मक्याची कणसं वाळवून ठेवली तर तीही चांगली पेटतात, फक्त आठवणीनं वाळवायला लागतात. तेवढंच पोरांना काम दिलं : कणसं वाळत घालायची. बोलायचं काही नाही.

चिप्सच्या पुड्यांचंही तसंच. बंदी घातली नाही, घालून टिकलीही नसती. फक्त बुधवारी पुडी आणायची नाही, घरचं काहीतरी आणायचं. शेंगदाणे, फुटाणे, गुळाचा खडा, मोसमात हुरडा. कोपऱ्यावरचे दुकानदार काका दोन बुधवार माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या बुधवारी त्यांनी कागदाच्या पुडीत फुटाणे ठेवले, दोन रुपयांना. बाकी पाच दिवस चिप्स आहेतच.

सप्टेंबरात एका प्रदर्शनासाठी शाळांकडून पर्यावरणाचे प्रकल्प मागवले होते. गेलो तर दहातले सहा प्रकल्प थर्माकोलचे. थर्माकोलची पृथ्वी, तिच्यावर चमकी, खाली 'मला वाचवा'. २०१८ च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीत सजावटीचं थर्माकोलही आलं होतं, हे तिथं कुणाच्या ध्यानात नव्हतं. आम्ही खताची बरणी नेली होती. नंबर आला नाही, परीक्षक जवळ आले आणि झाकण न उघडताच पुढे गेले.

आता त्या चार खड्ड्यांचं सांगते. १ ऑक्टोबरला, तीन महिन्यांनी, आम्ही ते उकरले. आधी केळ्याच्या सालीचा. सालीचा पत्ताच नाही, नुसती काळी माती आणि दोन गांडुळं. वहीचं पान मातीला चिकटलेल्या पापुद्र्यासारखं, बोट लावलं की तुटत होतं. ओढणीचा तुकडा जाळीसारखा झालेला, उजेडात धरला तर पलीकडचं झाड दिसत होतं. मग शेवटचा खड्डा. पहिलीतलाच पोरगा, तोच, व्हिडिओ बघून रात्रभर रडलेला, खुरप्यानं माती बाजूला करत होता. पाकिटाचं टोक दिसलं. त्यानं ओढून काढलं, चड्डीला पुसलं, उन्हात धरलं. आत चांदी चकाकत होती. वरची छापील किंमतसुद्धा वाचता येत होती आणि त्याला आता वाचता येत होतं. "पाच," त्यानं वाचलं. मग पाकीट उलटंपालटं करत बराच वेळ बघत राहिला. "बाई, ह्ये मेलंच न्हाई की!"

पाकीट कुणी टाकायला तयार होईना. शेवटी ते वर्गातल्या भिंतीवर टाचणीनं लावलं. खाली तारखा लिहिल्या. अजून तिथंच आहे.

दिवाळीच्या सुट्टीत खताचा खड्डा वाळून जाईल याची मला धास्ती होती, पण शेजारच्या त्याच काकू, उकिरडा म्हणणाऱ्या, कुंपणावरून पाणी शिंपडत होत्या. २ डिसेंबरला खत चाळलं. तीन घमेली निघालं. मेथी-पालकाच्या दोन वाफ्यांना पुरलं.

बाहेरचं काही अजून हलत नव्हतं म्हणून नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी एका पोरीच्या आज्जीला वर्गात बोलावलं. विषय होता 'जुन्या वस्तू पुन्हा वापरणं'. आज्जी गोधडी आणि सुई-दोरा घेऊन आल्या. जमिनीवर गोधडी पसरली आणि पोरांना ठिगळं दाखवायला लागल्या. हे तुझ्या बापाचं शाळेचं खाकी. हे तुझ्या चुलतीच्या लग्नातलं पातळ. हा आजोबांचा फेटा. पोरं गोधडीवर आडवी होऊन आपापली ठिगळं शोधत होती. मग आज्जींनी सांगितलं, भांडी राखेनं घासायचो, तेलाला घरची बरणी न्यायचो, साखर कागदाच्या पुडीत यायची आणि तिचा दोरासुद्धा जपून ठेवायचो. मी मध्येच उत्साहानं म्हणाले, "बघा, आज्जी किती पर्यावरणपूरक राहायच्या!"

आज्जींनी सुई थांबवली. "न्हाई ओ बाई. आमी गरिबीपायी केलं ह्ये. तवा लाज वाटायची. नवं पातळ मिळालं असतं तर ठिगळ कुणी लावलं असतं?"

वर्ग शांत. मग दुसरीतली ती पोरगी, 'फुडं कुठं जातं' विचारणारी, हळूच म्हणाली, "माझा फ्राक पण ताईचाच हाय." तिच्यामागून एकेक बोलायला लागली. माझी चप्पल दादाची. माझं दप्तर आत्याच्या पोराचं. मी इतके महिने या पोरांना जे शिकवत होते ते ती आधीच जगत होती आणि ते कुणाला कळू नये म्हणून झटत होती. त्या दिवसानंतर मी 'पर्यावरण' हा शब्द वर्गात जवळजवळ वापरलाच नाही. नुसतं विचारायचे, हे आधी कुणाचं होतं? पोरं आता ते मिरवत सांगतात. ठिगळ लावलेल्या दप्तराला वर्गात भाव आलाय, हे मी ठरवून केलेलं नाही.

डिसेंबरात पोच दाखवून पुन्हा ग्रामपंचायतीत गेले. जानेवारीत पुरवणी आराखड्यात ओळ चढली. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कुंडीशेजारी जाळीचा पिंजरा उभा राहिला. बाटल्या, पत्र्याचे डबे, दुधाच्या पिशव्या भंगारवाला नेतो. चकाकणारी पाकिटं नेत नाही. त्यांच्यासाठी स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला एक प्लास्टिकचं केंद्र धरलेलं आहे. आमची पाकिटं तिथं जातील तेव्हा जातील, सध्या चार पोती भरून शाळेच्या स्टोअररूममध्ये आहेत. ओढ्यात पूर्वीइतकं पडत नाही. पडतच नाही असं म्हणणार नाही.

पैशांचं : जुना प्लास्टिकचा ड्रम ७००, चार छोटी खुरपी ३६०, वाफ्यांना जाळी ४५०, सुरुवातीचं शेण-शेणखत ३००. एकूण १,८१०. तीस पटाच्या आतल्या शाळेला संयुक्त शाळा अनुदान वर्षाला १०,००० असतं आणि त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेच्या कामावर खर्च करायचे असतात. म्हणजे हक्काचे हजार रुपये होते, हे मला ऑक्टोबरात कळलं. आधी कळलं असतं तर सगळं पावतीनंच घेतलं असतं. ड्रम भंगारवाल्याकडून घेतलेला, तो पावती देत नाही, म्हणून ते सातशे माझ्याच खिशातून. खुरपी आणि जाळी दुकानातून, पक्क्या बिलानं, ती मंजूर झाली.

राहिलं शेण. मार्चमध्ये खर्चाचा हिशेब द्यायला गेले तर तिथले साहेब चष्म्यावरून बघत म्हणाले, "शेणाची पावती कुठाय?" मी हसले. ते हसले नाहीत. शेण दिलं होतं गोधडीवाल्या आज्जींनीच, त्यांच्या दोन म्हशींचं. परत येऊन हातपावती लिहिली : 'शाळेच्या खतखड्ड्यासाठी शेण व शेणखत, रक्कम रुपये ३०० रोख मिळाले.' आज्जींनी शाईत अंगठा बुडवून कागदावर टेकवला. शेजारी उभी असलेली नात वाकून ती पावती अक्षर अक्षर लावत वाचत होती. 'शे-ण' वाचून झाल्यावर तिनं मान वर केली.

"बाई, शेणाचं पण लिहून ठेवायचं असतं?"

ठेवायचं, म्हटलं. दोन प्रतींत.